मामूच्या दुकानाचा नंबर

कोल्हापूर,
९ जानेवारी २०२५

प्यारी नुजहत,

मामूची दुवा.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकतोय, कारण तुझ्या सासरचा फोन कायम स्पीकरवर. मागच्या वेळी मी "कशी हायेस बेटा?" म्हटलं, तर चौघांनी मिळून "बरी हाय" म्हणून सांगितलं. त्यात तुझा आवाज कुठला ते मला अजून सापडलेलं नाही.

काल दुपारी तुझ्या दवाखान्यातून माझ्या दुकानावर फोन आला. टेस्ट ट्यूबवाल्या नव्या डॉक्टरबाईंच्या इथून. माझा नंबर तूच दिलास म्हणे. बरं केलंस. मुलगी आधी खणखणीत आवाजात म्हणाली, "नुजहत फराज पटवेगार यांचे नातेवाईक का?" मी म्हटलं, "व्हय, मामा हाय मी तिचा." तशी तिनं पट्टी खाली घेतली. म्हणाली, "त्यांचा रिपोर्ट आलाय. मॅडमनी भेटायला बोलावलंय. सोबत घरचं कुणीतरी असू दे." मी विचारलं, "सगळं ठीक हाय न्हवं?" तर म्हणते, "ते मॅडमच सांगतील."

नेसरीत सायकलला कर्णा बांधून गावभर दवंडी देत फिरायचो, तेव्हापासून मी आवाजावर पोट भरतोय. आता चार गाड्या भरून साऊंड जातो माझा, पण कान तेच आहेत. चांगली बातमी सांगणारं माणूस आवाज असा खाली घेत नाही. तुझी मामी म्हणते, "तुम्हाला भिंतीच्या पलीकडचं ऐकू येतं, फक्त बायकोचं तेवढं ऐकू येत नाही." ते राहू दे. तू भेटलीस का त्यांना? काय म्हणाल्या? उलट टपाली कळव. मी कुणाला बोललेलो नाही, तुझ्या मामीला, सबिनालाही नाही.

तुझा,
निसारमामू


कुरुंदवाड,
१३ जानेवारी

मामूंना सलाम.

पत्र मिळालं. ऑफिसात माझ्या टेबलावर ठेवलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "पटवेगार मॅडम, आजकाल पत्रं कुणाला येतात? कोर्टाची नोटीस तर नाही?" मी हसले आणि पाकीट पर्समध्ये टाकलं.

तुम्ही उगीच घाबरलात. शनिवारी शाळा लवकर सुटते, तशीच परस्पर कोल्हापूरला जाऊन डॉक्टरबाईंना भेटून आले. विशेष काही नाही. थोडी सूज आहे आत. गोळ्या दिल्यात. ती गेल्याशिवाय ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भपिशवीत सोडणं, करायचं नाही म्हणतात, एवढंच. गोठवून ठेवलेले दोन भ्रूण आहेत, ते सुखरूप आहेत. मागच्या दोन दवाखान्यांत मिळून तीनदा झालं, तिन्ही वेळा टिकलं नाही. म्हणून या बाई जरा जास्तच सावध आहेत.

फराजच्या अम्मींना मात्र हे रमजानच्या आत उरकायला हवंय. जेवताना रोज विषय निघतो. काल म्हणाल्या, "नऊ वर्सं झाली लग्नाला. दर म्हयन्याला टेबलावर झोपतीस, डाक्टर वाकून बघत्यात, आन् पोराचा पत्ता न्हाय. काय बघत्यात ते तरी सांग!" फराज ताटात बघत बसतो. त्याला बोलता येत नाही आणि उठताही येत नाही.

एक काम करा मामू. फराजचा फोन आला तर सांगा, दवाखान्यातून निरोप होता, डॉक्टरबाई परदेशात गेल्यात, फेब्रुवारीच्या शेवटाला येतील. नंबर तुमचाच आहे, त्यामुळं तो विश्वास ठेवेल.

मामींना सलाम. सांडगे संपले, असंही सांगा.

तुमची,
नुजहत


कोल्हापूर,
१७ जानेवारी

प्यारी नुजहत,

दुवा.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सुजेवर गोळ्या देणारा डॉक्टर "घरचं कुणीतरी असू दे" म्हणत नाही. आणि सूज आहे तर नवऱ्यापासून का लपवायची? डॉक्टरबाईंना परदेशात कशाला धाडायचं?

मी विचार करून करून एका जागी येऊन थांबलोय. दोष फराजमध्ये निघालाय ना? तू त्याला झाकतेयस. तुझ्या सासूच्या, लालबीआपांच्या समोर पोराची मान खाली जाऊ नये म्हणून नऊ वर्षं बोलणी खाल्लीस आणि आता कागद हातात आला तरी गप्प आहेस. अगदी माझ्या आपावर गेलीस. तुझी आई अशीच होती, दुसऱ्याचं ऊन स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. ती गेल्यावर तुझं लग्न मी लावलं, तेव्हा मुलगा मीच बघितला होता. त्यामुळं यात माझाही शब्द अडकलाय.

परवा जयसिंगपुरात एका लग्नाचा साऊंड होता. तिथं फराज भेटला. मी बाजूला घेऊन म्हटलं, "जावईबापू, बायकांच्याच तपासण्या किती करायच्या? आजकाल गड्यांसाठी पण चांगले डॉक्टर हायत. लाजायचं काम न्हाय." तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसं मी दुसऱ्याच भाषेत बोललो. मग म्हणाला, "मामू, माझं सगळं तपासून झालंय, दोन वेळा. तुम्हाला नुजहत काय बोलली का?" मी विषय बदलला, बिर्याणीवर आणला. पण पोरगं जेवलं नाही, एवढं मी बघितलं.

आता तूच सांग, चुकलं का माझं?

तुझा,
निसारमामू


कुरुंदवाड,
२१ जानेवारी

मामूंना सलाम.

चुकलं. फार चुकलं.

फराज त्या लग्नातून आला तो तडक खोलीत येऊन म्हणाला, "मामूला काय सांगितलंस माझ्याबद्दल?" आमच्यात कधी नव्हे ते भांडण झालं, तेही आवाज न काढता, कारण भिंतीपलीकडं अम्मी. त्याचा काहीही दोष नाही मामू. तुमचा कान या वेळी गंडला. मी खोटं बोलतेय हे तुम्हाला बरोबर ऐकू आलं, पण कशाबद्दल ते तुम्ही मनानं भरलंत.

आता खरं लिहिते. वाचून झालं की पत्र फाडा.

डॉक्टरबाईंनी ट्रान्सफरच्या आधी एक तपासणी घेतली होती, पॅप म्हणतात तिला. पिशवीच्या तोंडावरून छोट्या ब्रशनं पेशी घेतात आणि लॅबला पाठवतात. पाच मिनिटांचं काम, दुखतही नाही. रिपोर्ट खराब आलाय. कॅन्सर म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, पेशी बदलल्यात, बऱ्याच बदलल्यात. आत नेमकं काय आहे ते दुर्बिणीनं बघून, छोटा तुकडा काढून तपासायला लागेल. तोपर्यंत ट्रान्सफर नाही.

मी त्यांना विचारलं, "मॅडम, पाच वर्षं मला तपासतायत. इतक्या सोनोग्राफ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, तीनदा आत नळी घातली. कुणालाच कसं दिसलं नाही?" त्या म्हणाल्या, "हे सोनोग्राफीत दिसत नाही. यासाठी हीच तपासणी लागते. आधी कधी केली होती का?" मी म्हणाले, सगळंच केलंय. त्यांनी माझी जाडजूड फाइल पुढून मागून बघितली. तेवढी एक नव्हती.

मामू, आमच्या घरात सगळ्यांना वाटतं की नुजहतइतकी तपासलेली बाई पंचक्रोशीत नाही. मलाही वाटायचं.

तुकड्यात वाईट निघालं तर पिशवीच्या तोंडाचा तेवढा भाग काढून टाकायचा. मी विचारलं, मग मूल? त्या म्हणाल्या, राहू शकतं. दिवस भरायच्या आधी होण्याचा धोका थोडा वाढतो, पण आपण लक्ष ठेवू. बाकीचं सगळं त्या नीट समजावत होत्या. मला फक्त "वाढतो" एवढंच ऐकू येत राहिलं. तीनदा गेलंय माझं. आता दारच सैल करून ठेवलं तर चौथं कशाच्या जोरावर टिकेल?

म्हणून मी ठरवलंय. मिरजेत एक दवाखाना आहे, आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या बहिणीला तिथं गुण आला. ते लोक या तपासणीसाठी अडून बसत नाहीत. भ्रूण तिकडं हलवता येतात, मी चौकशी केलीय. आधी ट्रान्सफर करून घेते. मूल झालं की तुकडा काय, सगळी पिशवी काढून देते त्यांना.

मला तुमची गाडी हवी, एक दिवसासाठी. फराजला आणि अम्मींना कळता कामा नये. फराजला कळलं तर तो मूल नको म्हणेल. अम्मींना कळलं तर त्या सून नको म्हणतील. मला दोन्ही ऐकायचं नाही.

तुम्ही माझं लग्न लावलंत. आता हे एवढं करा.

नुजहत


कोल्हापूर,
२४ जानेवारी

नुजहत बेटा,

दुवा. पत्र फाडलं. फराजबद्दल जे मनात आणलं त्याची लाज वाटते, त्याला भेटेन तेव्हा बोलेन.

गाडी देत नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण मग तू मला दुश्मन समजशील, म्हणून लिहितो. डॉक्टरीतलं मला काही कळत नाही. ते दार सैल होतं की घट्ट राहतं, ते तुझ्या बाईंना माहीत. मला माझ्या धंद्यातलं कळतं, तेवढंच सांगतो.

इचलकरंजीत एका रिसेप्शनला मी पाहुणा म्हणून गेलतो. लाइटवाला एक, साऊंडवाला दुसरा, जनरेटर दोघांत मिळून. स्टेजमागं वायरीचा एक जोड उघडा होता. लाइटवाल्याला वाटलं, साऊंडवाल्यानं बघितला असेल. साऊंडवाल्याला वाटलं, लाइटवाल्यानं. नवरानवरी खुर्चीत बसायला आणि मागचा पडदा पेटायला एकच गाठ पडली. माणसं वाचली, पडदे गेले. दोघंही कामाला वाईट नव्हते गं. दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं. मधला जोड कुणाचाच नव्हता. तेव्हापासून माझ्या पोरांना सांगून ठेवलंय, काल वाजलेला माईक आज पुन्हा वाजवून बघायचा आणि दुसऱ्यानं बघितलंय असं धरून चालायचं नाही.

तुझा तो मधला जोड या बाईंनी बघितला. पहिल्यांदा कुणीतरी बघितला. आणि तू न बघणाऱ्याकडं निघालीस.

मूल झाल्यावर करते म्हणतेस. नऊ महिने, मग दूध पाजायचं वर्ष, मग त्याचं आजारपण, मग शाळा. आपल्यातली बाई स्वतःसाठी दवाखान्यात कधी जाते ते मला दाखव एकदा.

फराजला मी सांगणार नाही. ते तुझं आहे. पण तू सांगावंस असं मला वाटतं. तो मूल नको म्हणेल, हे तू त्याच्या वतीनं आधीच ठरवून टाकलंस. मीही त्याच्याबद्दल असंच काहीतरी ठरवलं होतं, आणि बघ काय झालं.

शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण पत्र लिही.

मामू


कोल्हापूर,
१० फेब्रुवारी

नुजहत,

उत्तर नाही. शाळेत फोन केला तर कळलं, तू रजेवर. घरी केला तर लालबीआपांनी उचलला. "बरी हाय की! तुमच्या भाचीला काय धाड भरलीया?" म्हणाल्या. बोलता बोलता मध्येच थांबल्या, टेकून बसल्यासारखा आवाज आला, आणि मग म्हणाल्या, "ठिवते." त्या कधी अशा पटकन फोन ठेवत नाहीत. भांडण झालंय का घरात?

मिरजेला गेलीस का? गेली असलीस तरी सांग. मी ओरडणार नाही. सबिना रोज विचारते, पोस्टमनची वाट का बघताय, कुणाचं लग्न ठरलंय? तिला काय सांगू?

दोन ओळी टाक.

मामू


कुरुंदवाड,
१४ फेब्रुवारी

मामूंना सलाम.

गेले होते. तुमची गाडी नाही मिळाली म्हणून एसटीनं गेले.

दवाखाना छान होता. खाली काचेचं दार, भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो. काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघत एकेक विचारत होती. वय, लग्नाची वर्षं, आधीचे उपचार. मग म्हणाली, "पॅप झालीय?" मी म्हणाले, "झालीय." "नॉर्मल?" "नॉर्मल." तिनं बटण दाबलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मान वर केली नाही, कागद मागितला नाही.

मामू, या एका खोट्यासाठी मी घरून काय काय तयारी करून गेलते! कागद मागितला तर काय सांगायचं, कुठल्या डॉक्टरचं नाव घ्यायचं, रडायचं की चिडायचं. काहीच लागलं नाही. बाकावर येऊन बसले. शेजारी एक पोरगी होती, बावीस-तेवीसची, आईबरोबर आलेली. तिलाही हेच विचारलं. तिला पॅप म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. आईनं ठोकून दिलं, "झालं असंल की, लई डाक्टर झाल्यात तिचे." आणि तिचंही बटण दाबलं गेलं.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी जिना उतरत होते.

मिरजेच्या स्टँडवरून फराजला फोन केला. तो काम टाकून मोटरसायकलवर आला. स्टँडबाहेर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे, तिथं बसून त्याला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तो काय म्हणाला सांगू? "म्हणजे ट्रान्सफर कधी?" म्हणाला. मला वाटलं, संपलं. मी ग्लासाकडं बघत बसले. रसवाला दोनदा विचारून गेला, अजून एक देऊ का. मग फराज म्हणाला, "न्हाय, तसं नव्हतं विचारायचं मला. तोंडातून तेच निघालं. नऊ वर्षं घरात तेवढं एकच विचारत्यात, त्यामुळं." आणि मग भर स्टँडवर त्यानं माझा हात धरला. अम्मींनी बघितलं असतं तर दोघांना घरात घेतलं नसतं.

सोमवारी कोल्हापूरला येतोय, तुकडा काढायला. या वेळी दोघं. तुमच्याकडं जेवायला येऊ. मामींना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण सांडगे पाठवलेत तर विचार करीन.

नुजहत


कोल्हापूर,
२४ फेब्रुवारी

प्यारी नुजहत,

दुवा. हे पत्र पोस्टानं नाही, फराजच्या खिशातून येतंय. रिपोर्ट घ्यायला एकटाच आला, तुला शाळेतून सुट्टी मिळाली नाही म्हणून. डॉक्टरबाईंकडं आम्ही दोघं बसलो. बाहेर आल्यावर मला म्हणतो, "मामू, तुम्ही लिहून द्या. माझ्या तोंडून नीट यायचं न्हाय. मागं असंच झालं." समोर बसलाय, चहा थंड करतोय.

कॅन्सर झालेला नाही. ही ओळ पुन्हा वाच.

पण त्याच्या अगदी आधीचं आहे. बाई म्हणाल्या, तसंच सोडलं असतं तर काही वर्षांत झाला असता, कदाचित, आणि हे कदाचित कुणी आजमावून बघू नये. आता गरम तारेच्या कडीनं तेवढाच भाग काढायचा, भूल देऊन, संध्याकाळी घरी. काढलेलं पुन्हा तपासायचं. जखम भरायला द्यायची, मग काही महिन्यांनी ट्रान्सफरचं बघायचं. भ्रूण थांबतात, म्हणाल्या. मी विचारलं, किती थांबतात? त्या हसल्या, "तुमच्या भाचीपेक्षा त्यांना जास्त धीर आहे."

आता लालबीआपांचं. फराज म्हणतो, अम्मीसमोर कॅन्सर हा शब्द नुसता काढला तरी सगळ्या गल्लीत जाईल आणि नुजहतला पाणी पाजायला कोणी येणार नाही. मी त्याला एक वाक्य बांधून दिलंय, तूही तेच सांग: "पिशवीचं तोंड साफ करून घेतात, मूल धरावं म्हणून." एवढंच. मुलासाठी म्हटलं की त्या कशालाही हो म्हणतील, वर दुवा देतील. खोटं नाही, नुसतं अर्धं आहे. या अर्ध्यावर तुझं काम होऊन जाईल.

सांडगे पिशवीत आहेत.

मामू


कुरुंदवाड,
५ एप्रिल

मामूंना सलाम आणि उशिरानं ईद मुबारक.

फोनवर सांगितलंच आहे, तरी लिहिते. तो भाग काढला, कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे वाईट काही उरलेलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. ट्रान्सफरचं बकरी ईदनंतर बघू म्हणाल्या. टिकेल की नाही, कुणी सांगत नाही. मीही विचारत नाही. कधी कधी शाळेत पोरांचा गलका ऐकते आणि पोटावर हात जातो, मग लगेच काढून घेते.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्यासाठी.

तुमचं वाक्य मी अम्मींना सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात तसंच झालं, दुवा दिली, मिरासाहेबांच्या दर्ग्यात चादर बोलल्या. नंतर रमजान लागला. तुम्हाला माहीत आहे, अम्मींनी लहानपणापासून रोजा चुकवलेला नाही. आजारी असतानाही नाही. यंदा एका दुपारी मी सामानाच्या खोलीत गेले, तर त्या पोत्यामागं उभ्या राहून पाणी पीत होत्या. म्हणाल्या, "पित्त झालंय. कुणाला बोलू नगंस." मी मग लक्ष ठेवलं. मधले काही दिवस त्यांची नमाजाची जानमाजही घडी घालून तशीच राहायची.

पाळीच्या दिवसांत रोजा-नमाज नसते, त्यामुळं बायकांच्या घरात हे बायकांना कळतं मामू. कोण कुठले दिवस रोजा धरत नाही, नमाज पढत नाही, त्यावरून कळतं. पण अम्मींचं ते सगळं बंद होऊन दहा वर्षं झालीत. मला कळलं, तरी मन घेईना. त्यांना विचारायचं कसं? त्या मला विचारतात, मी त्यांना कधी काही विचारलेलं नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच घरात होतो. मी शिरखुर्म्याची पातेली घासत होते. त्या मागं येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझं ते क्येलं डाक्टरनी, त्ये पोरासाठीच असतंय न्हवं?"

मी म्हणाले, "का अम्मी?"

"न्हाय, इचारलं." मग म्हणाल्या, "गेल्या सालच्या रमजानपासनं मला रगत जातंय. मधी थांबतंय, परत येतंय. वासबी येतोय. धुणं मी पहाटंच उरकून घेते. तू साफ करायचं म्हनालीस, तवा तुला इचारणार हुते मी. पर तू म्हनालीस पोरासाठी. मला ह्या वयात पोर कशाला?"

माझ्या हातात पातेलं तसंच राहिलं. मी म्हणाले, "अम्मी, वर्षभर? फराजला तरी सांगायचं."

"त्याला? तुमच्या दोघांच्या दवाखान्यातच सगळं घर अडकलंय. त्यात माझं हे कुठं काढू?" आणि मग त्यांनी जे विचारलं, ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तेव्हापासून माझ्या कानातून जात नाही. "पोर नगं असलेल्या बाईचं पण बघत्यात का गं तितं?"

मी हो म्हणाले. मग त्यांना खरं काय झालं होतं ते सगळं सांगितलं, तुमचं अर्धं आणि उरलेलंही. कॅन्सर हा शब्दही सांगितला. त्या गल्लीत गेल्या नाहीत मामू. खाली बसल्या आणि माझा पाय धरून बसल्या, म्हणत राहिल्या, "आन् मी तुला काय काय बोलले गं."

तुम्ही ते वाक्य चांगल्यासाठी दिलंत, मीही चांगल्यासाठीच म्हटलं. पण त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर सव्वा महिना आधी कळलं असतं. त्यांच्या दुखण्यात सव्वा महिना किती असतो, ते मला माहीत नाही. विचारायची भीती वाटते.

आता गाडी द्याल ना? या वेळी दोघींसाठी हवी, मलाही जखम दाखवायला बोलावलंय. नंबर तुमचाच लिहा.

नुजहत


कोल्हापूर,
७ एप्रिल

प्यारी नुजहत,

दुवा. गुरुवारी सकाळी गाडी दारात येईल. हे पत्र पोचायच्या आधी फोनवर फराजला सांगितलेलं असेलच. तरी लिहितो, कारण यातलं फोनवर बोलता येण्यासारखं नाही.

त्या वाक्याचं तू लिहिलंस ते बरोबर आहे. लालबीआपा फोनवर मध्येच थांबल्या होत्या, टेकून बसल्या होत्या, ते फेब्रुवारीत माझ्या कानावर पडलं होतं. मी ते तुझ्या भांडणाच्या खात्यात टाकून मोकळा झालो. त्यांचं काय निघेल, सांगता येत नाही. वर्ष हा मोठा काळ आहे. डॉक्टरबाईंच्या फोनवरच्या बोलण्यावरून एवढं कळलं की त्यांना थांबायचं नाहीये. म्हणाल्या, आधी त्यांना आणा, मग बाकीचं. लालबीआपांना मात्र धीर दे. गाडीत त्यांना पुढं बसव, मागं त्यांना मळमळतं.

तुझं पत्र या खेपेला मी फाडलं नाही. सबिनाला वाचून दाखवलं, पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. लालबीआपांचा तो प्रश्न मी वाचला, तेव्हा तिनं हात थांबवला, पण मागं वळली नाही. मी म्हटलं, "सबिना, तुला कधी असलं काही...?" तिनं नळ जरा जास्त सोडला. एकतीस वर्षं आम्ही एका घरात राहतोय. त्या पाण्याच्या आवाजात मी उभा राहिलो, आणि मला तिचं होय ऐकू आलं.

तसाच दुकानावर आलो आणि दवाखान्यात फोन लावला. पट्टी खाली घेणारी तीच मुलगी होती. मी तिला लालबीआपांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. म्हणाली, "मूल हवं असो, नको असो, सगळ्यांचं बघतो काका." मग म्हणाली, "गुरुवारी किती जणींची नावं लिहू?"

मी म्हटलं, "तीन."

तुझा,
निसारमामू